आमच्या लायब्ररीच्या बाई आणि त्यांच्या कोऱ्या पट्ट्या

त्रैराशिक

आमच्या शाळेच्या ग्रंथपाल बाई गेल्या महिन्यात गेल्या. शोकसभा झाली, त्यात 'शांत, मनमिळाऊ, पुस्तकांत रमणाऱ्या' वगैरे बोलून झालं. यातलं शांत आणि मनमिळाऊ हे साफ खोटं आहे. बाई भांडखोर होत्या आणि निम्मी भांडणं त्यांनी माझ्याशी केली. इथे शाळेतले आजी-माजी बरेच जण आहेत, म्हणून हा धागा. ज्याला जे आठवेल ते लिहा, फक्त शोकसभेची भाषा नको.

मी गणित शिकवते. शाळेत नवीन होते तेव्हा मुलांसाठी गणिती कोड्यांची पुस्तकं शोधत ५१०च्या, म्हणजे गणिताच्या, कपाटापाशी उभी होते. बीजगणित होतं, भूमिती होती, कोडी नव्हती. बाईंना विचारलं तर मान वर न करता म्हणाल्या, "७९३ला बघा. खेळांत." गणित खेळांत कसं काय, असं मी विचारायला आणि त्यांनी हातातलं पेन खाली ठेवायला एकच गाठ पडली. पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्यूईच्या दशांश वर्गीकरणाचा १८७६पासूनचा इतिहास मी उभ्याउभ्या ऐकला. कोडी आणि जादूचे प्रयोग ७९३मध्ये, बुद्धिबळ ७९४मध्ये, पत्ते ७९५मध्ये. मी म्हटलं, हा मनुष्य गणिताला घाबरत असणार. त्या म्हणाल्या, "तुमच्या वर्गातली मुलं घाबरतात, म्हणूनच कोडी तिथे नकोत. खेळांत ठेवली तर निदान हात लावतील."

निकाल लागला नाही. पण पुढच्या आठवड्यात ५१०च्या रांगेत पुस्तकाच्या मापाचा एक लाकडी ठोकळा उभा दिसला. दर्शनी बाजूला चिठ्ठी: 'गंमत हवी असेल तर ७९३.७४ कडे जा.' त्याला डमी म्हणतात हे मला नंतर कळलं. वर्गांक, म्हणजे पुस्तकाचा विषयाचा आकडा, त्यांनी बदलला नाही, माझं म्हणणंही पूर्णपणे उडवून लावलं नाही. तिथून आमचं जमलं. शाळेच्या आवारात 'बाई', फाटकाबाहेर 'अगं'.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी हे लिहायला बसले. दर वर्षी साठा पडताळणी व्हायची तेव्हा ऑफिसला एकच आकडा हवा असायचा: हरवलेली पुस्तकं किती. बाई तो द्यायच्या आणि स्वतःसाठी दुसरी यादी करायच्या. पुस्तक नेलं की त्याच्या मागे चिकटवलेल्या पट्टीवर तारखेचा शिक्का पडतो; ज्यांच्या पट्टीवर एकही शिक्का नाही अशांची. म्हणायच्या, "हरवलेलं पुस्तक निदान कुणाला तरी हवं होतं गं. याचं काय?"

या कोऱ्या पट्टीवाल्यांचा वेगळा खण होता. त्यातलं एकेक पुस्तक त्या स्टाफरूममध्ये घेऊन यायच्या आणि कुणाच्या तरी पुढ्यात ठेवायच्या. न विचारता. पीटीच्या सरांना दोरीच्या गाठींचं पुस्तक. ऑफिसातल्या क्लार्कना नकाशे कसे बनतात त्याचं. मला एकदा दगडफुलांवरचं दिलं. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार, काही जाती वर्षाला मिलिमीटरभरही वाढत नाहीत. मला यातलं काय करायचं होतं? पण आठवड्याने बाई यायच्या आणि 'आवडलं का' असं कधीच विचारायच्या नाहीत. विचारायच्या, "कुणाला द्यायचं हे?"

आणि पंचाईत अशी की तोवर खरंच कुणाचं तरी नाव मनात आलेलं असायचं. दगडफुलांच्या वेळी मी एका मुलीचं नाव सांगितलं. वहीच्या समासात सतत बारीक नक्षी काढायची, त्यावरून माझी बोलणीही खायची. तिने ते पुस्तक पुन्हा पुन्हा नेलं. त्यातल्या आकृत्यांसारखी नक्षी मग माझ्या प्रमेयांच्या कडेने उगवू लागली, ते सोडा.

ग्रंथालयशास्त्रातले थोर रंगनाथन, त्यांचं ग्रंथालयाच्या पाच सूत्रांचं पुस्तक १९३१चं. त्यातलं तिसरं सूत्र, 'प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक', बाईंच्या मते सगळ्यांत अवघड. वाचक स्वतःहून येऊन मागतो, पुस्तकाला तोंड नसतं. रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक, १९२४मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि सुरुवातीला इतके कंटाळले की परत शिकवायला जायला निघाले होते, हे मला बाईंनी असंख्य वेळा ऐकवलं. "तुमच्यातलाच होता. शहाणा झाला."

आता प्रश्न. ग्रंथालयात बारकोड येतोय. जुने खिसे, कार्डं, तारखेच्या पट्ट्या काढून टाका असा निरोप आहे. माझा जीव होत नाही. काय करावं?

भिंग

विज्ञान विभागाकडून हजेरी. बाईंनी मला पुस्तक कपाटातून काढायला शिकवलं, वयाच्या चाळिशीत. आपण सगळे वरच्या कडेला बोट अडकवून खेचतो, त्यामुळे कण्याचं डोकं फाटतं. त्यांची पद्धत: शेजारची दोन्ही पुस्तकं थोडी आत ढकलायची, मग मधल्याची कूस दोन्ही बाजूंनी धरून बाहेर घ्यायचं. मी नवव्यांदा विसरल्यावर त्यांनी माझा हात धरून ते करवून घेतलं. सातवीचा अख्खा वर्ग बघत होता.

दुसरी आठवण प्लूटोची. ऑगस्ट २००६मध्ये प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढलं. आमच्याकडे खगोलशास्त्राची जेवढी पुस्तकं तेवढ्यांत नऊ ग्रह. मी म्हटलं, चुकीची माहिती आहे, काढून टाका. निर्लेखनाला, म्हणजे पुस्तक साठ्यातून कायमचं काढायला, मंजुरी लागते, ती लवकर मिळत नाही, हे एक. पण बाईंचं म्हणणं वेगळंच होतं. त्यांनी सगळी काढायला दिली आणि एक ठेवलं. त्याच्या पहिल्या पानावर पट्टी चिकटवली: 'या पुस्तकातली एक गोष्ट आता खरी मानली जात नाही. कोणती, आणि कुणी ठरवलं?' त्या पुस्तकासाठी नंबर लागायला लागले. मी शिकवताना ती युक्ती अजून वापरतो, श्रेय न देता. आज देतो.

पानखूण

भिंग, तुमचा हात धरला म्हणजे लाड झाले. माझ्या हातातून पुस्तक काढून घेतलं होतं :)

मी खालच्या वर्गांना भाषा शिकवते. पाच बोटांची पद्धत मी प्रशिक्षणात शिकून आले होते: मुलाने कुठलंही पान उघडायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं, पाच मिटली की पुस्तक अवघड, परत ठेवायचं. मी उत्साहाने तक्ता करून लायब्ररीत लावला. बाईंनी काढला नाही. खाली एक ओळ लिहिली: 'पाच बोटं मिटली आणि तरीही पुस्तक सोडवत नसेल, तर घेऊन जा.'

तेव्हा राग आला होता. पण तिसरीतला एक मुलगा डायनोसॉरचं जाडजूड पुस्तक नेतो, त्यातलं त्याला एक अक्षर धड वाचता येत नाही आणि सगळी नावं तोंडपाठ असतात, हे मीही पाहिलंय. ५६७.९ हा डायनोसॉरचा आकडा त्या मुलाला स्वतःच्या हजेरी क्रमांकाच्या आधी पाठ झाला होता.

शेवटचाबाक

मी माजी विद्यार्थी. आंतरजालावर वाचतो बरंच, लिहीत नाही. या धाग्यासाठी लिहितोय.

मला वाचायचा कंटाळा होता. कंटाळा कसला, भीती. ओळी एकमेकींत घुसायच्या. ग्रंथालयाच्या तासाला मी कपाटामागे जाऊन बसायचो. बाईंनी बघितलं, बोलल्या काही नाहीत, काम दिलं. नवीन पुस्तकांचा गठ्ठा आला होता. म्हणाल्या, हे वाचायचं नाही, फक्त पानांचे आकडे तपासायचे.

आधी पुस्तक उघडायला शिकवलं. कणा टेबलावर टेकवायचा, दोन्ही पुठ्ठे खाली सोडायचे. मग पुढची थोडी पानं उघडून आतल्या कडेला अंगठा फिरवायचा, मग मागची थोडी, मग पुढची, असं करत मध्यावर यायचं. नवीन पुस्तक एकदम मधोमध उघडलं तर कणा मोडतो. मग आकडे. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांचं, म्हणजे एकत्र घडी घातलेल्या गठ्ठ्यांचं, बनतं आणि बांधणीत कधीकधी एखादा फर्मा दोनदा लागतो, एखादा राहून जातो. ते पकडायचं.

मला आकडे जमायचे. बरीच पुस्तकं झाली. मग एकात ४८ नंतर पुन्हा ३३ आलं. ३३ ते ४८ दोनदा, ४९ ते ६४ गायब. मी खूश होऊन दाखवायला गेलो. बाई म्हणाल्या, "बरं, पण काय गेलंय मधलं? तक्रारीत लिहावं लागेल." आता मला माहीत आहे की तक्रारीत असलं काही लिहावं लागत नाही, पान क्रमांक पुरतात. तेव्हा माहीत नव्हतं. मी ४७, ४८ वाचलं, मग ६५ वाचलं. ४८वर एक मुलगा विहिरीत उतरत होता आणि ६५वर तो भलत्याच गावात होता. त्याच्याबरोबर कुत्रा होता, जो आधी नव्हता. मी मागे जाऊन पहिल्यापासून वाचायला लागलो, कुत्रा कुठून आला ते शोधायला. किती वेळ लागला विचारू नका.

बदली प्रत यायला बरेच दिवस लागले. मी रोज विचारायचो. ती आली तेव्हा दाखल रजिस्टरमध्ये चढायच्या आधी बाईंनी मला घरी नेऊ दिली. नियमाने चालणारी बाई, पट्टी नाही, शिक्का नाही, तशीच.

कुत्र्याचं उत्तर ५२व्या पानावर आहे.

भिंग

शेवटचाबाक, हे तू एवढी वर्षं आम्हाला सांगितलं नाहीस!

स्पष्टवक्ता

सगळे गोड लिहितायत म्हणून दुसरी बाजू. मी बाईंचा सहकारी होतो, आता दुसऱ्या शाळेत आहे. आमचं फारसं पटलं नाही.

माझ्या वर्गातला एक मुलगा अचानक गप्प झाला होता. घरी काहीतरी बिनसलं असावं. मी बाईंकडे गेलो, म्हटलं, हा काय वाचतो त्याची यादी द्या. त्यांनी नाही म्हटलं. मुख्याध्यापकांकडून विचारतो म्हटलं, तर म्हणाल्या, खुशाल विचारा. वर्गशिक्षकाला मुलाबद्दल कळू नये, हा कुठला न्याय? मला आजही वाटतं की मी बरोबर होतो. लहान मूल आहे, मोठा वाचक नव्हे.

मात्र एक नोंदवतो. त्याच संध्याकाळी बाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "यादी देणार नाही. पण त्याला वर्गात एकटं बसवू नका आणि उद्या समुपदेशकांना त्याच्याशी बोलू द्या." म्हणजे त्यांना काहीतरी ठाऊक होतं. काय ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. मुलगा पुढे सावरला. तरी पद्धत मला पटलेली नाही.

वर्गांक

मी व्यवसायाने ग्रंथपाल, बाईंना ओळखत नव्हतो. स्पष्टवक्ता यांच्या प्रतिसादावर लिहिणं भाग आहे.

वाचकाची नोंद गुप्त ठेवणं ही बाईंची लहर नव्हती. आमच्या व्यवसायाचा तो जुना नियम आहे, आणि ग्रंथालय संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२मध्ये मान्य केलेल्या आचारसंहितेतही तो आहे. मुलांच्या बाबतीत प्रश्न अवघड होतो, मान्य. जिवाला धोका दिसला तर बोलावंच लागतं. पण बाईंनी जे केलं ते मला अचूक वाटतं: नोंद दिली नाही, काळजी पोचवली. ज्या दिवशी मुलांना कळेल की 'आपण काय नेतो ते सरांना कळतं', त्या दिवसापासून ज्याला ज्या पुस्तकाची खरी गरज आहे तो ते नेणार नाही. कपाटाआड उभा राहून वाचेल, नाहीतर वाचणारच नाही.

आता धागाकर्तीच्या प्रश्नाकडे. तुमच्याकडे देवघेव कुठल्या पद्धतीची होती? ब्राऊन पद्धतीत पुस्तकाचं कार्ड वाचकाच्या तिकिटात सरकवून ट्रेमध्ये ठेवतात आणि पुस्तक परत आलं की दोन्ही वेगळी होतात, मागे काही उरत नाही. नेवार्क पद्धतीत मात्र पुस्तकाच्या कार्डावर प्रत्येक वाचकाचा क्रमांक लिहिला जातो. ती कार्डं असतील तर जपून. आठवण म्हणून फोटो काढून इथे टाकू नका.

तारखेच्या पट्टीचं तसं नाही. तिच्यावर फक्त तारखा. त्या ठेवायला हरकत नाही, किंबहुना ठेवाच. बारकोडची प्रणाली आजपासून पुढचं सांगेल. मागची इतकी वर्षं कुठलं पुस्तक फिरलं आणि कुठलं पडून राहिलं, ते त्या पट्टीशिवाय कुठेही नाही.

त्रैराशिक

वर्गांक, नेवार्कच. आणि तुमचा प्रतिसाद वाचून आज कार्डं काढून बघितली. सगळी नवी आहेत. म्हणजे कोरी नव्हे, पण कुठल्याही कार्डावर जेमतेम गेल्या वर्षाचे क्रमांक. पुस्तकं तीस वर्षांपूर्वीची, पट्ट्यांवर पट्ट्या चिकटवून जाड झालेली, आणि कार्ड मात्र ताजं. मग लक्षात आलं. सुट्टी लागायच्या आधी बाई खिडकीपाशी बसून काहीतरी बारीक फाडत असायच्या. मी समजायचे रद्दी. तिने मला एवढ्या वर्षांत हेही सांगितलं नव्हतं! आणि मी स्वतःला मैत्रीण म्हणवते.

स्पष्टवक्ता, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. भांडण तिला आवडलं असतं.

पानखूण

अवांतर: मराठी कथा-कादंबऱ्यांना ८९१.४६३ एवढा लांबलचक आकडा का, आणि इंग्रजीला सुटसुटीत ८२३ का, यावर बाईंचं एक भाषण असायचं. कुणाला ते पूर्ण आठवतंय का? मला फक्त शेवट आठवतो: "म्हणून आपल्याकडे गोष्टींच्या पुस्तकांना आकडा नाही, लेखकाचं पहिलं अक्षर. ड्यूई येऊन तपासणार नाही."

वर्गांक

हे भाषण प्रत्येक भारतीय ग्रंथपालाकडे असतं :) ड्यूईने इंग्रजीला आणि युरोपातल्या भाषांना ऐसपैस जागा दिली आणि उरलेल्या जगाला ८९०मध्ये दाटीवाटीने बसवलं. आकडा लांबला की कण्यावरच्या लेबलात मावत नाही. बाईंचा तोडगा लहान ग्रंथालयासाठी योग्यच.

चार्जवाली

नमस्कार. बाईंच्या जागी नवीन भरती होईपर्यंत ग्रंथालयाचा चार्ज माझ्याकडे आला आहे. मी समाजशास्त्र शिकवते, ग्रंथालयाचं शिक्षण नाही, तास कमी केलेले नाहीत. किल्ल्यांचा जुडगा मिळाला आणि 'बारकोडचं बघून घ्या' असं सांगण्यात आलं. कुठून सुरू करू? आणखी एक: बऱ्याच पुस्तकांच्या फाटलेल्या पानांना बाईंनी सेलोटेप लावलेला नाही, कसला तरी पातळ कागद लावलाय. तसंच ठेवू की टेप लावून घेऊ?

वर्गांक

टेप अजिबात नको! टेपचा गोंद काही वर्षांत पिवळा पडतो, कागदात झिरपतो, वरची पट्टी गळून पडते आणि डाग कायमचा राहतो. बाईंनी लावलाय तो बहुधा जपानी टिश्यू, स्टार्चच्या खळीने. पाण्याने सुटतो, हाच त्याचा गुण. तसाच राहू द्या.

सुरुवात बारकोडने करू नका. आधी ग्रंथालय रोज ठरलेल्या वेळी उघडं राहील एवढंच बघा. जुन्या रजिस्टरवर देवघेव चालू ठेवा. दाखल रजिस्टर सांभाळा, तेच मूळ कागदपत्र. बारकोड एकेका कपाटाचा करा, मुलांना घेऊन. आणि कमी तासांची मागणी लेखी द्या, तोंडी नको.

त्रैराशिक

चार्जवाली, मंगळवारी आणि शुक्रवारी माझा शेवटचा तास मोकळा असतो, मी येते. भिंग, तुम्हीही या, पुस्तक काढता येतं आता तुम्हाला. कार्डं बाईंच्याच पद्धतीने फाडायची, पट्ट्या ठेवायच्या. पट्टी ज्या पुस्तकातली त्याच पुस्तकात राहील, बारकोड पुठ्ठ्यावर लावू. ऑफिसने विचारलं तर माझं नाव सांगा.

कोऱ्या पट्टीवाल्यांचा खण मी बघितला. अजून भरलेला आहे. मधमाश्यांवरचं एक आहे, पुलांच्या बांधकामावरचं एक, लघुलिपीचं एक, आणि ढगांच्या प्रकारांचा एक सुंदर सचित्र ग्रंथ आहे जो कुणीच कसा नेला नाही देव जाणे. स्टाफरूममध्ये आणते. स्पष्टवक्ता, तुम्ही आता आमच्या शाळेत नाही, तरी पूल तुम्हाला.

स्पष्टवक्ता

पाठवा. वाचेन. कुणाला द्यायचं ते मात्र मी ठरवणार.

चार्जवाली

सगळ्यांचे आभार, जरा धीर आला. आज पहिलं कपाट घेतलं. एक अडचण: शाळेचा शिक्का मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर आहे, शेवटच्या पानावर आहे, आणि ऑफिसच्या यादीत लिहिलंय की 'गुप्त पानावरही शिक्का व दाखल क्रमांक तपासावा'. हे गुप्त पान कोणतं? रजिस्टरमध्ये कुठेही लिहिलेलं नाही. त्रैराशिक, तुम्हाला माहीत असेलच.

त्रैराशिक

मला? मी कित्येकदा विचारलं. म्हणायची, "तुला सांगितलं तर ते गुप्त कसं राहील?"

वर्गांक

प्रत्येक ग्रंथालय एक ठरावीक पान निवडतं आणि प्रत्येक पुस्तकात त्याच पानावर शिक्का मारतं. कुणी पहिलं आणि शेवटचं पान फाडून पुस्तक आपलं म्हणून सांगितलं तरी ओळख पटावी म्हणून. पाच-सहा पुस्तकं घेऊन पानन् पान चाळा, सापडेल.

शेवटचाबाक

चाळायला नको. दोन वर्षं ते शिक्के मीच मारत होतो. पण इथे जाहीर लिहिणार नाही. चार्जवाली बाई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा.